सांतियागोची लढाई, १९६२: ठोसे मारणारा मैदानात राहिला कसा?

कॉर्नरफ्लॅग

नमस्कार मंडळी. २ जून १९६२ चा चिली विरुद्ध इटली हा विश्वचषकातला सामना 'सांतियागोची लढाई' म्हणून ओळखला जातो. त्याची चित्रफीत कितीही वेळा पाहिली तरी काही गोष्टींचा मेळ बसत नाही.

चिलीचा लिओनेल सांचेझ इटलीच्या मारिओ दाविदला सरळसरळ ठोसा हाणताना दिसतो. त्याला काहीच होत नाही. पुढे दाविद त्याच्यावर पाय उगारतो आणि बाहेर जातो. इटलीच्या उंबेर्तो मास्क्योचं नाक मोडलं, तेही सांचेझच्याच हाताने. म्हणजे दोन ठोसे मारणारा शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला आणि इटलीची मात्र दोन माणसं गेली.

जाणकारांना विचारायचंय की नेमकं काय काय घडलं? रेफरी केन ॲस्टन यजमानांकडे झुकले होते, की त्यांना दिसलंच नाही? सामना अर्ध्यावर बंद का केला नाही? आणि आजच्या नियमांनी हाच सामना झाला असता तर? 'तेव्हाचा फुटबॉल तसाच होता' एवढ्यावर भागवू नका, तपशील हवेत.

जुना लिबेरो

आधी एक शब्द बाजूला ठेवू: रेड कार्ड. या सामन्याबद्दल लिहिताना तो सर्रास वापरला जातो, पण १९६२ साली कार्डं नव्हतीच. ताकीद होती, हकालपट्टीही होती, पण दोन्ही तोंडी. रेफरीने बोलायचं, हाताने ड्रेसिंग रूमकडे बोट दाखवायचं आणि वहीत नोंद करायची. गोष्ट बारीक वाटते, पण पुढचा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो.

सामन्याआधीचं थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पहिल्या मिनिटाचा राग कळत नाही. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला, उपकरणांवर नोंदला गेलेला आजवरचा सर्वांत मोठा. सामन्यांसाठी धरलेली शहरं गळाली आणि स्पर्धा सांतियागो, विन्या देल मार, रांकाग्वा आणि अरिका या चार ठिकाणी बसवावी लागली. संयोजनाची धुरा वाहणारे कार्लोस दित्बोर्न स्पर्धा सुरू व्हायच्या महिनाभर आधी वारले. अशा अवस्थेतल्या देशाबद्दल दोन इटालियन पत्रकारांनी आपापल्या वर्तमानपत्रांत सांतियागोची गरिबी, धड न चालणारे फोन, अगदी तिथल्या बायकांची वागणूक इथपर्यंत लिहिलं. तो मजकूर चिलीच्या वर्तमानपत्रांत उमटला. लिहिणारे देश सोडून निघून गेले आणि लोकांच्या रागासमोर उभे राहिले ते अकरा खेळाडू. सामन्याआधी इटलीच्या खेळाडूंनी प्रेक्षकांत फुलं टाकली, ती तशीच परत भिरकावली गेली.

आता मैदानावर येऊ. एस्तादिओ नासिओनाल, ६६ हजारांवर प्रेक्षक.

पहिला फाऊल बाराव्या सेकंदाला. आठव्या मिनिटाला चिलीच्या हॉनोरिनो लांदाने इटलीच्या जॉर्जो फेरिनीला पाडलं, फेरिनीने उलट लाथ घातली. ॲस्टन यांनी त्याला बाहेर काढलं. तो हलेना. संघातले बाकीचे रेफरीभोवती जमले, छायाचित्रकार आत आले, आणि अखेर पोलिसांनी फेरिनीला धरून बाहेर नेलं. यात आठ-दहा मिनिटं गेली. पूर्वार्धातला मोठा तुकडा, खेळ शून्य.

दाविद-सांचेझ प्रकरण दोन टप्प्यांचं आहे आणि लोक ते एकात कालवतात. टप्पा पहिला: कडेच्या रेषेजवळ सांचेझ पडलाय, चेंडू त्याच्या पायांत अडकलाय आणि दाविद चेंडूच्या निमित्ताने त्याला लाथा घालतोय. सांचेझ उठतो आणि डाव्या हाताने ठोसा देतो. त्याचे वडील मुष्टियोद्धे होते, आणि तो ठोसा पाहिला की हात कसा तयार झाला होता ते कळतं. शिक्षा नाही. टप्पा दुसरा: काही मिनिटांनी उंच चेंडूसाठी जाताना दाविदचा पाय थेट सांचेझच्या डोक्या-मानेच्या उंचीवर जातो. ४१ वं मिनिट, दाविद बाहेर.

मास्क्योचं नाक हा वेगळा प्रसंग. तोही सांचेझचा डावा हात, तिथेही शिक्षा नाही. फेरिनीनंतर आणखी तीनदा पोलिसांना मैदानात यावं लागलं.

मध्यंतराला ०-० होतं. नऊ जणांच्या इटलीने ७३ व्या मिनिटापर्यंत गोल होऊ दिला नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. मग हाईमे रामिरेझचा हेडर, आणि ८७ व्या मिनिटाच्या सुमारास होर्हे तोरोचा लांबून मारलेला फटका. चिली २, इटली ०.

शिट्टी

लिबेरो यांनी क्रम नीट मांडलाय. मी फक्त रेफरीच्या बाजूने लिहितो, कारण 'झुकले होते का' या प्रश्नाचं उत्तर ॲस्टन कुठे उभे होते आणि त्यांच्या हाती काय होतं यात आहे.

तेव्हा मैदानात तीन अधिकारी. ॲस्टन इंग्लंडचे, लाइन्समन लिओ गोल्डस्टीन अमेरिकेचे आणि फर्नांदो बुएर्गो मेक्सिकोचे. तिघे तीन देशांचे. कानात यंत्र नाही, झेंड्याच्या मुठीत बझर नाही, चौथा पंच नाही. लाइन्समनने झेंडा उंचावायचा आणि रेफरीने तिकडे बघण्याची वाट पाहायची. रेफरीने बघितलंच नाही तर झेंडा खाली येतो आणि गोष्ट तिथेच संपते. आज पंचांचं त्रिकूट वर्षानुवर्षं एकत्र काम करतं, कुणी कुठे बघायचं हे सामन्याआधी बसून ठरवतं. ती सवय त्या तिघांत असण्याचा संभवच नव्हता.

रेफरी तिरप्या रेषेत धावतो, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे. दोन्ही लाइन्समन उरलेल्या दोन बाजू धरतात. ही पद्धत सर स्टॅन्ली राऊस यांनी रुळवली, आणि १९६२ मध्ये तेच फिफाचे अध्यक्ष होते. तिचा गुण हा की चेंडू नेहमी रेफरी आणि लाइन्समनच्या मधे राहतो. तिचा दोष हा की चेंडू पुढे गेला की मागे राहिलेल्या दोघांवर कुणाचीच नजर नसते. फाऊलची शिट्टी वाजल्यावर रेफरी जागा दाखवायला, भिंत मागे घ्यायला वळतो. सूड घेणारा खेळाडू नेमका तोच क्षण पकडतो. कुठल्याही तापलेल्या सामन्यात सगळ्यांत धोकादायक वेळ खेळ चालू असतानाची नसते, ती शिट्टीनंतरच्या चार-पाच सेकंदांची असते.

म्हणून मला ॲस्टन झुकलेले वाटत नाहीत. यजमानांना सांभाळून घ्यायचं असतं तर फेरिनीनंतर शांत बसणं सोपं होतं. त्यांनी जे डोळ्यांसमोर झालं त्यावर शिक्षा दिली आणि जे पाठीमागे झालं ते सुटलं. इटलीचे गुन्हे उघड्यावर झाले, सांचेझचे आडोशाला.

पण ॲस्टन यांची एक चूक मी लपवणार नाही. पडलेल्या सांचेझला दाविद लाथा घालत होता, तेव्हाच शिट्टी कडक वाजवून दोघांच्या मधे धावत जायला हवं होतं. तिथे रेफरी दोन सेकंद आधी पोचला असता तर ठोसा पडला नसता, आणि ठोसा पडला नसता तर दाविदच्या मनात पुढची लाथ शिजली नसती. एक न दिलेली शिक्षा पुढची मारामारी जन्माला घालते. अख्खा सामना मी याच एका साखळीने वाचतो.

डावी कडा

शिट्टी, दाविदच्या प्रसंगापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण लाइन्समन त्याच बाजूला होता, तिथून जवळ. आणि मास्क्योचं काय? नाक मोडलेला माणूस समोर उभा आहे, इटलीचे खेळाडू हातवारे करून सांगतायत. रेफरीने खेळ थांबवून दोन्ही लाइन्समनना एकेक करून विचारायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. 'दिसलं नाही' हे कारण एकदा चालतं. त्याच खेळाडूबद्दल दुसऱ्यांदा तक्रार आली की त्याच्यावर नजर ठेवायलाच हवी होती.

दुसरीकडे, इटलीला सगळीकडे बिचारं ठरवलं जातं, तेही मला पटत नाही. ३१ मे ला पश्चिम जर्मनीशी ०-० झाल्यावर त्यांनी चिलीविरुद्ध सहा बदल केले. जिआनी रिव्हेरा बाहेर, ओमार सिवोरी बाहेर. चेंडू पायाशी ठेवून सामन्याचा वेग कमी करू शकणारे दोघे बाकावरही नव्हते, कारण बदली खेळाडू नव्हतेच, ते सरळ प्रेक्षकांत. असा संघ पाठवल्यावर मधल्या पट्ट्यात चेंडू ठरत नाही, प्रत्येक चेंडू अर्धा तुझा अर्धा माझा होतो आणि टक्कर वाढते. वातावरण तापलेलं असताना चेंडू राखणारे खेळाडू हेच खरं संरक्षण असतं. पाओलो माझ्झा आणि जिओव्हानी फेरारी या प्रशिक्षकांनी नेमकं उलट केलं.

आणखी एक ठिणगी राहिली. मास्क्यो जन्माने अर्जेंटिनाचा, १९५७ चं दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद त्याने अर्जेंटिनासाठी जिंकलेलं. होसे अल्ताफिनी १९५८ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघातला. दोघेही आता इटलीच्या निळ्या जर्सीत. दक्षिण अमेरिकेतल्या प्रेक्षकांना हे आपल्या घरचे फुटलेले वाटत. मास्क्योवर राग विशेष होता तो त्यामुळे. पुढे त्याच दशकात फिफाने एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडे जायचा हा रस्ता बंद केला.

कॉर्नरफ्लॅग

आभार, भरपूर उलगडा झाला. बदली खेळाडू नव्हते हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे मास्क्यो मोडलेल्या नाकाने तसाच खेळला?

आणि सामना बंद करण्याचा मुद्दा राहिलाच. फेरिनी आठ-दहा मिनिटं हलत नाही, तिथेच सामना रद्द करता आला नसता का? डावी कडा म्हणतात तसं लाइन्समनला विचारून सांचेझला नंतर काढता आलं असतं का?

जुना लिबेरो

हो, तसाच. १९६२ च्या नियमाने जखमी खेळाडू बाहेर गेला तर संघ तेवढ्या माणसांनी कमी. इटलीचे दोन गेले होते, मास्क्यो बाहेर बसला असता तर आठच उरले असते. विश्वचषकात बदली खेळाडू १९७० च्या मेक्सिको स्पर्धेपासून आले, प्रत्येक संघाला दोन. त्याआधी समोरच्याला जायबंदी करणं हा संख्याबळ मिळवण्याचा मार्ग होता, आणि काही संघ तो जाणूनबुजून वापरत. याच स्पर्धेत ३१ मे ला अरिकात युगोस्लाव्हियाच्या मुहामेद मुयिचने सोव्हिएत संघाच्या एदुआर्द दुबिन्स्कीचा पाय मोडला. रेफरीने त्याला बाहेरसुद्धा काढलं नाही. शेवटी त्याच्याच संघाने त्याला मायदेशी धाडलं.

शिट्टी

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, एकेक घेतो.

लाइन्समनला विचारून नंतर काढता येतं का? खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत असेल तर हो, तेव्हाही आणि आजही. रेफरी स्वतः न पाहिलेल्या गोष्टीवर लाइन्समनच्या सांगण्यावरून शिक्षा देऊ शकतो. पण फ्री किक घेतली गेली की तो दरवाजा तेव्हा बंद व्हायचा. आज लाइन्समनने आधीच खूण केली असेल आणि रेफरीच्या ध्यानात उशिरा आली असेल, तर नंतरही खेळाडूला बाहेर काढता येतं, पण मिळालेली फ्री किक बदलत नाही. नुसतं मोडलेलं नाक पाहून कुणाला काढता येत नाही. नाक कोपर लागूनही मोडतं, डोकं आपटूनही. कुणीतरी ते पाहिलेलं असावं लागतं. डावी कडा, विचारायला हवं होतं हे मात्र तुमचं खरं. मोठी इजा दिसली आणि कारण दिसलं नाही, तर खेळ सुरू करण्याआधी दोन्ही साहाय्यकांकडे बघायचं हे पहिल्या वर्षाच्या रेफरीला शिकवतात.

सामना बंद करणं. अधिकार रेफरीकडे होता, नियम ५ मध्ये आहे. हकालपट्टी झालेला जात नसेल तर क्रम असा: कर्णधाराला बोलावून सांगायचं की याला बाहेर न्या, ठरावीक वेळ द्यायची, तेवढ्यात नाही गेला तर खेळ स्थगित करून सगळ्यांना आत न्यायचं, आणि तरीही नाही तर सामना बंद. गुण कुणाला द्यायचे हे रेफरी ठरवत नाही, तो फक्त अहवाल देतो. कागदावर हे सोपं आहे. सांतियागोत ६६ हजार लोक कुंपणापलीकडे, पोलीस आधीच मैदानात, आणि दोष इटलीच्या खेळाडूकडे असताना पाहुण्या संघामुळे सामना बंद झाला अशी घोषणा. त्या अकरा इटालियनांना बसपर्यंत कसं न्यायचं? खेळ चालू असेपर्यंत गर्दी बसून राहते. माझ्या मते आठव्या मिनिटाला सामना न थांबवणं हा ॲस्टन यांचा त्या दिवशीचा सर्वांत शहाणा निर्णय.

आता आजचे नियम लावून बघू.

फेरिनी: सरळ रेड, वाद नाही. दाविदच्या पडलेल्या माणसाला घातलेल्या लाथा: चेंडू तिथे होता म्हणून यलो म्हणणारे निघतील, माझ्या दृष्टीने रेड, कारण चेंडू खेळण्याजोगा नव्हता आणि पाय पुन्हा पुन्हा आला. सांचेझचा ठोसा: हिंसक वर्तन, रेड. म्हणजे दोघे एकाच वेळी बाहेर, १० विरुद्ध ९. त्यानंतर ती उंच लाथ घडतच नाही. रेफरीला ठोसा दिसला नाही तरी व्हीएआर (चित्रफीत बघून रेफरीला सांगणारे पंच) दाखवतो, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावरसुद्धा हिंसक वर्तन, थुंकणं, चावणं यासाठी मागे जाऊन बघता येतं. सांचेझ सुटण्याची शक्यता उरत नाही.

खेळाडूंचा घोळका झाला तर आज पंच काय करतात तेही सांगतो, कारण फितीत ॲस्टन घोळक्याच्या मधोमध सापडलेले दिसतात आणि तिथून काहीच दिसत नाही. रेफरीने पहिल्या दोन-तीन सेकंदांत मधे घुसून जोडी वेगळी करायची. तेवढ्यात जमलं नाही तर मागे सरायचं, अख्खा घोळका नजरेत येईल इतकं. जवळचा साहाय्यक आत येतो आणि दुसऱ्या बाजूने बघतो, लांबचा कडेवरूनच लक्ष ठेवतो, चौथा पंच दोन्ही बाक धरतो. तिघांच्या नजरेचा त्रिकोण व्हायला हवा. कोण आधी आलं, कोण सगळ्यांत लांबून धावत आलं, कुणाचा हात मानेच्या वर गेला, एवढंच डोक्यात ठेवायचं. बाकी धक्काबुक्की सोडून द्यायची. मग तिघांनी एकत्र बोलून, खेळाडूला बाजूला घेऊन, नंबर बघून कार्ड. हे सगळं खेळ सुरू व्हायच्या आत. गडबड नेहमी इथे होते की रेफरी घाईत समोर दिसलेल्याला कार्ड देतो, आणि तो बहुतेक वेळा सोडवायला आलेला असतो.

एक लक्षात ठेवा, सात खेळाडूंपेक्षा कमी झाले की सामना चालू ठेवता येत नाही. म्हणजे एका संघाचे चार गेले तरी चालतं, पाचवा गेला की संपलं.

पेनल्टीस्पॉट

शिट्टी, आजचे नियम असते तर सगळं सुरळीत झालं असतं असा अर्थ निघू नये म्हणून लिहितो. कार्डं होती, चौथा पंच होता, बदली खेळाडू होते, तरी २५ जून २००६ ला न्युरेंबर्गमध्ये पोर्तुगाल-नेदरलँड्स झालाच. १६ यलो, ४ रेड. कोस्तिन्या, बुलारूझ, डेको, व्हान ब्राँकहॉर्स्ट, चारही दुसऱ्या यलोवर गेले. शेवटी ९ विरुद्ध ९. मॅनिशच्या २३ व्या मिनिटाच्या गोलवर पोर्तुगाल १-० ने जिंकलं.

तिथे काय बिघडलं बघा. सातव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या बुलारूझने पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोच्या मांडीवर बुटाचे खिळे लावले. यलो. रोनाल्डो पहिल्या अर्ध्यातच बाहेर पडला. ते रेड द्यायचं होतं. पुढे पोर्तुगालच्या फिगोने नेदरलँड्सच्या व्हान बॉमेलला डोकं मारलं, तेही यलो. मोठ्या गुन्ह्याला छोटी शिक्षा दिली की छोट्या गुन्ह्याला कोणती देणार? तीच. डेकोला दुसरं यलो मिळालं ते चेंडू द्यायला उशीर केला म्हणून. डोकं मारणारा मैदानात आणि चेंडू धरून ठेवणारा बाहेर. रेफरीला सगळं दिसत होतं तरी खेळाडूंना वाटलं की मापच नाही. सांतियागोत नजर कमी पडली, न्युरेंबर्गमध्ये माप चुकलं. परिणाम एकच.

त्या दिवशीचे रेफरी रशियाचे व्हॅलेंटिन इवानोव्ह. त्यांचे वडील, तेही व्हॅलेंटिन इवानोव्ह, १९६२ च्या स्पर्धेत चार गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्या सहा जणांत होते. त्याच सहा जणांत चार गोलांचा लिओनेल सांचेझही होता.

डावी कडा

सांचेझचे चारही गोल या सामन्याबाहेरचे आहेत हे महत्त्वाचं. दोन स्वित्झर्लंडविरुद्ध, एक उपांत्यपूर्व फेरीत सोव्हिएत संघाविरुद्ध फ्री किकवर, एक उपांत्य फेरीत ब्राझीलविरुद्ध पेनल्टीवर. तो बाहेर काढला गेला असता तर चिली कदाचित तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलीच नसती. म्हणून 'एक ठोसा सुटला, त्यात काय' असं म्हणवत नाही. गटात पश्चिम जर्मनी ५, चिली ४, इटली ३. इटलीने ७ जूनला स्वित्झर्लंडला ३-० हरवलं तरी ते घरी गेले. विजयाला दोन गुण होते, हा सामना बरोबरीत सुटला असता तर इटली ४ आणि चिली ३.

ब्राझीलविरुद्धच्या त्या उपांत्य सामन्यात लांदाही बाहेर गेला आणि गारिंचाही. फेरिनीच्या प्रसंगाची सुरुवात ज्याच्या फाऊलने झाली तोच लांदा.

जुना लिबेरो

कार्डांचा धागा पुरा करतो, कारण तो याच माणसाकडे येतो. ॲस्टन शाळामास्तर होते. या सामन्यानंतर त्या स्पर्धेत त्यांनी दुसरा सामना घेतला नाही. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या स्पर्धेत ते पंचांचं काम बघत होते. २३ जुलैला वेंब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिनला बाहेर काढलं. रेफरीला स्पॅनिश येत नाही, रात्तिनला जर्मन येत नाही, तो जायला तयार नाही. त्याला समजवायला ॲस्टन स्वतः खाली उतरले. चार वर्षांपूर्वी फेरिनीसमोर उभे होते तेच ॲस्टन. शिवाय त्या सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती, हे त्यांना स्वतःलाही धड कळलं नव्हतं. घरी जाताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नलचे दिवे बघून त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब. भाषा लागत नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळतं.

१९७० च्या मेक्सिको स्पर्धेत कार्डं आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. विश्वचषकातलं पहिलं लाल कार्ड १४ जून १९७४ ला, पश्चिम जर्मनीविरुद्ध चिलीच्या कार्लोस कासेलीला, तुर्की रेफरी दोआन बाबाजान यांनी दाखवलं.

कॉर्नरफ्लॅग

शेवटचं एक विचारतो. आता फीत पुन्हा पाहायची तर काय बघू?

शिट्टी

आधी हे धरून चाला की ती फीत संपूर्ण सामन्याची नाही, निवडक तुकड्यांची आहे. त्या काळी फिल्म विमानाने लंडनला जायची आणि बीबीसीवर दोन-तीन दिवसांनी दिसायची. सुरुवातीला निवेदक डेव्हिड कोलमन या सामन्याला फुटबॉलच्या इतिहासातलं बहुधा सर्वांत लज्जास्पद प्रदर्शन म्हणतात आणि मग मारामाऱ्या एकामागून एक येतात. मधला खेळ गाळलेला असल्याने दोन प्रसंगांत दहा सेकंदांचं अंतर होतं की दहा मिनिटांचं ते फितीवरून ठरवू नका.

आवाज बंद करा. प्रत्येक प्रसंगात मारणाऱ्याकडे बघू नका, ॲस्टन यांच्या चेहऱ्याची दिशा बघा. सांचेझ आणि दाविद कडेला एकमेकांत गुंतलेले असताना लाइन्समन कुठे आहे तो शोधा. झेंडा वर जातो का, गेला तर ॲस्टन तिकडे वळतात का, आणि फ्री किक घेईपर्यंत किती वेळ मिळतो ते मोजा. फेरिनीच्या प्रसंगात पोलीस यायच्या आधी त्याच्याशी बोलायला त्याच्या संघातलं कोण कोण येतं तेही बघा. ते त्याला बाहेर न्यायला आलेत की रेफरीशी भांडायला, हे त्यांच्या पाठी कुणाकडे वळल्यात त्यावरून कळतं.